शेपटाच्या मागे कोण

माणसाचं एक नाव आईबाप ठेवतात आणि एक लोक चिकटवतात. पहिलं कागदावर राहतं, दुसरं अंगावर. हिच्या अंगावरचं नाव होतं शेपूटताई.

सोफ्याखुर्च्यांना कापड चढवायचं तिचं दुकान होतं. दुकान कसलं, रस्त्याकडेची एक लांबोडी खोली. दोन्ही भिंतींना खुर्च्यांचे सांगाडे टांगलेले, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, मधोमध ठोकायचं बाक. काम करताना ती बारीक खिळे ओठांत धरायची. त्यामुळे गिऱ्हाईक काहीही बोललं तरी तिला ऐकून घ्यावं लागे. उत्तर द्यायला तोंड मोकळं नसे. गप्प ऐकून घ्यायची सवय तिला धंद्यातूनच लागली असणार, कारण जन्मजात ती तशी नव्हती.

सायकलही धंद्यातूनच आली. तयार खुर्ची मागे बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची. एकदा भलीमोठी आरामखुर्ची घेऊन ती टेकडीवरच्या वस्तीत निघाली होती. चढावर बसलेल्या एका रिकामटेकड्याने विचारलं, "काय हो बाई, खुर्ची सायकलवर आहे की सायकल खुर्चीवर?"

तेव्हा ओठांत खिळे नव्हते. ती म्हणाली, "तुम्ही बसा वर. जी मोडेल ती खाली."

अशी खुर्च्या वाहून वाहून तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. रंगाच्या दुकानाच्या मालकाने ते हेरलं आणि तिला आपल्या सायकल क्लबात बोलावलं. तोच क्लबाचा अध्यक्ष. बोलायला गोड, दिसायला ऐटदार. दर रविवारी सकाळी पंधरा-वीस सायकली त्याच्या दुकानासमोर जमत आणि रानामाळातून लांब फेरी मारून दुपारी परत येत. क्लबाचं एक वाक्य होतं, "जितके निघालो तितके पोहोचलो." ते प्रत्येकाच्या सदऱ्याच्या पाठीवर छापलेलं. पाठीवर असल्यामुळे ते ज्याचं त्याला वाचता येत नसे. सगळ्यांच्या मागून चालणाऱ्या एकटीला तेवढं दिवसभर वाचावं लागे.

ती मागे कशी पडली, तर पंक्चरमुळे. पहिल्या वर्षी कुणाची तरी ट्यूब गेली. सगळे पुढे निघून गेले, ही थांबली. पंक्चर काढायला तिला अध्यक्षानेच शिकवलं होतं. चांगलं शिकवलं होतं, त्याचा हात त्यात बसलेला होता. ट्यूब कशी घासायची, चिकटी लावल्यावर ती सुकेपर्यंत दम कसा धरायचा, टायर शेवटी बोटांनीच कसा बसवायचा, सगळं. मग पुढच्या रविवारी कुणाची चेन उतरली, कुणाचं पेडल ढिलं झालं. प्रत्येक वेळी मान वळवून कुणीतरी हाक मारी, "ताई!" आणि ताई थांबे. वर्षभरात ठरूनच गेलं. क्लबात शेवटी चालणाऱ्याला शेपूट म्हणत. पूर्वी ते काम पाळीपाळीने फिरायचं. आता ते फिरायचं थांबलं आणि तिच्याजवळ येऊन बसलं.

पुढे तर लोकांनी आपापल्या ट्यूबा, पाने, पंपसुद्धा तिच्याच पिशवीत द्यायला सुरुवात केली. "वजन होतं गं. नाहीतरी तूच काढणार ना?" बरोबरच होतं त्यांचं. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कुणाला नको असतं? लोक वारा कापत पुढे, आणि ही बाई सगळ्या क्लबाची अडगळ पाठीवर घेऊन मागे. ती पोचेपर्यंत चहा झालेला, फोटो निघालेला. क्लबाच्या भिंतीवर सात वर्षांचे फोटो लावले होते आणि त्यातल्या एकाही फोटोत ती नव्हती.

खोटं कशाला सांगा, सुरुवातीला तिला ते आवडायचं. हाक मारली की कुणालाही बरं वाटतं. पण हाकेचा हुकूम कधी होतो ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा चीड येते ती आधी स्वतःचीच.

त्या वर्षी क्लबाने समुद्राची सफर काढली. तीन दिवस सायकल चालवत डोंगर ओलांडायचा आणि किनाऱ्याला उतरायचं. किनाऱ्यावरच्या गावात तिची थोरली बहीण दिली होती. बहिणीला फोनवर तिने सांगितलं, "मी येतेय. सायकलवर."

पलीकडून बहीण एवढी हसली की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. "तू? माझ्या दारात? सायकलवर? ये हो ये. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसते. तू पोचशील तोवर तिचं कापड फाटेल, ते बदलूनच जा."

हसली ती ठीक, पण शब्द लागला. आता जायचंच होतं. सफरीला कोण जाणार ते एका रविवारी ठरायचं होतं. जो खिंडीपर्यंतचा चढ दहाच्या आत चढेल, तो जाणार. इथेच खरी गोम होती. शेपूट दहाच्या आत कसं पोचणार? म्हणून ती पहिल्यांदाच अध्यक्षाच्या दुकानात गेली आणि रंगाच्या डब्यांमध्ये उभी राहून म्हणाली, "दादा, या रविवारी मी मागे राहणार नाही."

"अगं, नकोच राहूस!" अध्यक्ष म्हणाला. "औषधवाल्याला सांगतो. तरणाबांड आहे, राहील मागे. तू बिनधास्त जा पुढे. शब्द माझा."

आदल्या संध्याकाळी ती घरी पिशवी आवरत होती. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. तो जेवणाच्या टेबलावर कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होता. खाली मान घालूनच त्याने विचारलं, "शेपूट नाहीस ना उद्या? मग ती पिशवी कशाला?"

"राहू दे. सवयीची आहे."

"उद्या मागून हाक आली तर वळू नकोस. मान आखडलीय म्हण."

"आणि खरंच कुणाचं काही मोडलं तर?"

"तर त्यांना हात दिलेत देवाने. का तेही तुझ्या पिशवीत ठेवलेत?"

रविवारी सकाळी धुकं होतं. रस्ता ओला, झाडं गप्प, सायकलींच्या चाकांचा तेवढा बारीक किरकिराट. पुढे जायचं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळलं. समोर कुणाची पाठ नव्हती. नुसता रस्ता होता, आणि तो जणू तिच्यासाठीच उलगडत होता. वळणावर पाखरं उडायची ती तिच्या सायकलीने उडायची. सात वर्षं तिला ती पाखरं आधीच उडून गेलेली मिळत होती. चढ सुरू झाला तसं तिने गिअर हलका केला, श्वास पायांशी जुळवला आणि एकेक जण मागे पडू लागला. पाववाला मागे पडला. शाळेतल्या बाई मागे पडल्या. खुद्द अध्यक्ष मात्र तिला गाठून थोडा पुढे निघाला. तो म्हणाला, "वा गं शेपूटताई! शेपटाला पंख फुटले!"

चढाच्या मध्याला औषधवाला तिच्या बाजूने सपकन पुढे निघून गेला.

"अरे ए! तू मागे राहायचास ना?"

"सगळे ठीक आहेत ताई!" तो ओरडला. "मलाही दहाच्या आत पोचायचंय की!"

ते तिला पटलंही. त्याला पोचायचं होतं, सगळ्यांनाच पोचायचं होतं. मग तिने तेवढं पोचायचं नाही, हे कुणी ठरवलं होतं?

आणि मागून हाक आली. "ताई! ए ताई! चेन तुटली!"

तिने मान आखडून धरली. पाय मारले. दुसरी हाक आली. पुढे अध्यक्षाला ती ऐकू गेली होती, कारण त्याने डोकं किंचित वळवलं. मग पुन्हा सरळ केलं आणि तो वळणाआड गेला.

आता अशा वेळी माणसाने काय करावं? पाठीवर लिहिलेलं वाक्य तिने एवढी वर्षं वाचलं होतं. इतरांनी ते नुसतं घातलं होतं. तिने सायकल वळवली, आणि वळवताना तोंडाने जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाववाला रस्त्याकडेला चेन हातात धरून उभा होता, मेलेला साप धरावा तशी. "देवासारखी आलीस बघ."

"देव आहे का मी? तुझं चेन जोडायचं हत्यार कुठाय?"

"तुझ्याच पिशवीत नाही का?"

होतं. पिशवीतच होतं. तिने तुटलेली कडी काढली, जोडकडी घातली, पेडलवर जोर देऊन ती खटकन बसवली. काळे झालेले हात गवताला पुसते न पुसते तोच शाळेतल्या बाई सायकल ढकलत वर आल्या. मागचं चाक रिमवर बसलेलं.

"बाई, तुम्ही सुद्धा?"

"मी काय मुद्दाम केलं का हो? तार घुसली." बाई रडकुंडीला आल्या होत्या. "माझं राहिलंच आता. घरी सांगून आलेय सगळ्यांना, मी जाणार म्हणून."

तिनेही घरी सांगितलं होतं. बहिणीला सांगितलं होतं. पण ते या वेळी कुणी विचारलं नाही. तिने बाईंची नवी ट्यूब आपल्या पिशवीतून काढली आणि भराभर चाक उघडलं. पाववाल्याला म्हणाली, "तू पंप तरी मार."

पाववाल्याने घड्याळ बघितलं. "ताई, मी पुढे होऊ का? मला चढाला वेळ लागतो. तू काय, वाऱ्यासारखी येशील."

आणि तो गेला. पंप तिनेच मारला. चाक बसलं तशा बाईही "फार उपकार झाले हो" म्हणत चढाला लागल्या. पेडलवर पाय ठेवेपर्यंत उपकार, पुढे मोकळा रस्ता. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

तरी अजून वेळ होता. तिला तिच्या पायांचा हिशेब ठाऊक होता. ती चढली, अशी चढली की छातीचा भाता झाला. शेवटची तीन वळणं राहिली आणि हाताखाली काहीतरी टिंग करून तुटलं. गिअरची तार. तार तुटली की चेन मागच्या सगळ्यात लहान चाकावर जाऊन बसते, म्हणजे पेडल सगळ्यात जड. भिंतीवर लाथा माराव्यात तसं ते चालवावं लागतं. तिने उभं राहून एक वळण काढलं. दुसऱ्याला पेडल फिरेना. ती उतरली आणि पिशवीत हात घातला. एक जादा तार ती नेहमी ठेवायची.

पिशवीत सगळ्यांचं सगळं होतं. तार नव्हती. मग आठवलं. मागच्या महिन्यात अध्यक्षाची तार तुटली तेव्हा हिचीच बसवली होती. "उद्याच आणून देतो" म्हणाला होता. त्याच तारेवर तो आज वर गेला होता.

ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. वर बघितलं, खाली बघितलं. आयुष्यात प्रथमच तिला हाक मारावीशी वाटली, आणि कुणाला मारायची ते सुचेना. मागे कुणी नव्हतंच. शेपटाच्या मागे कोण असणार? तिने हाक गिळली आणि सायकल ढकलत निघाली. ढकलताना पेडल पोटरीला लागत होतं. प्रत्येक वेळी लागलं की तिच्या मनात एकेकाचा चेहरा येत होता.

खिंडीत चहाचं खोपटं होतं. बाहेर लांब टेबल, बाकं. सगळे बसले होते. चहा झाला होता. फोटो निघाला होता. दहा कधीच वाजून गेले होते. पाववाला पावाचा तुकडा चहात बुडवत होता. त्याने तिला चालत येताना बघितलं आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "काय गं, कुठे राहिलीस?"

"तुम्ही दोघं पोचलात?"

"थोडक्यात!" बाई लाजत म्हणाल्या. "दोन मिनिटं होती."

"आणि इथे कुणाला सांगितलं नाहीत, मी मागे आहे म्हणून?"

पाववाला खरंच बुचकळ्यात पडला. "त्यात सांगायचं काय? तू मागेच असतेस."

त्याच्या मनात पाप नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. तेवढ्यात अध्यक्ष पुढे आला, हसतमुख. "अगं, एवढी घामाघूम कशाला झालीस? तुझं नाव तर मी पहिल्या दिवशीच धरलंय. शेपटाला कसली परीक्षा? शेपूट पाहिजेच. एवढा लांबचा पल्ला, पंक्चरं काय थोडी होतील?"

तिने सायकल हळूच भिंतीला टेकवली. आपटली नाही. सायकलीचा काही गुन्हा नव्हता.

"म्हणजे मी पोचले काय, न पोचले काय, सारखंच होतं?"

"तसं नव्हे गं..."

"मग पुढे जा म्हणालात ते कशाला?"

"तुझं मन राखायला!" अध्यक्ष म्हणाला, आणि आपण किती चांगले आहोत असंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

आज ओठांत खिळे नव्हते.

"मन राखलंत? दादा, माझी तार राखली असतीत तर बरं झालं असतं. तुमच्या गिअरला लागलीय ती. हाक तुम्हालाही ऐकू आली होती. मान वळलेली मी बघितलीय. थोडी वळली आणि परत गेली. का? तर ताई आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळी पडली की ताईला पाठवायचं! आणि तू रे औषधवाल्या, मागे राहतो म्हणालास ना? एक शब्द पाळवला नाही तुला? आणि तुम्ही दोघं..." पाववाल्याचा पाव चहात विरघळून गेला होता. "कामापुरता मामा ऐकला होता. कामापुरती ताई आज बघितली. मी मेले असते त्या वळणावर तरी तुम्ही म्हणाला असता, येईल मागून!"

"ताई, असं काय बोलता..." बाई पुटपुटल्या.

"असंच बोलते. उशिरा बोलते, एवढंच माझं चुकलं."

तिने पिशवी टेबलावर उलटी केली. ट्यूबा, पाने, दोन पंप, चिकटीच्या नळ्या, टायर काढायच्या पट्ट्या, सगळं चहाच्या ग्लासांत घरंगळलं. "ही तुझी. हा तुमचा. ही जाडजूड ट्यूब दादांची. आपापलं उचला. ज्याचं त्याने वाहायचं."

कुणी पुढे होईना. मग बाईंनी मान खाली घालून आपली पट्टी उचलली. मग पाववाल्याने हत्यार उचललं. अध्यक्ष हसण्याचा प्रयत्न करत होता. "रागावलीस होय? बरं बाई, समुद्राला जाताना बघू काय ते."

"बघू नाही. मी येणार आहे, आणि शेपूट म्हणून नाही. रोज एक जण मागे राहील. पहिला दिवस तुमचा."

"माझा? अध्यक्षाने मागे राहायचं?"

"मीच ना तुम्हाला शिकवलं पंक्चर काढायला? का तुम्ही मला?"

अध्यक्षाने टेबलावरची आपली ट्यूब उचलली.

परतीला ती पहिली निघाली. उताराला जड गिअर अडत नाही, उलट बरा पडतो. क्लबाचा नियम होता की उतारावर पहिल्याला ओलांडायचं नाही. हा नियम मात्र सगळे पाळत, कारण तो त्यांच्याच जिवाचा होता. सगळे तिच्या मागे रांगेत उतरू लागले. अध्यक्ष सगळ्यात मागे राहिला. राहिला म्हणजे, आपलं सामान सीटखाली कसं बांधायचं ते त्याला आठवायला वेळ लागला.

अर्धा उतार झाला आणि मागून फट्ट असा आवाज आला. पाठोपाठ हाक. "ताई!"

तिने ब्रेक दाबले. रस्त्याच्या मधोमध सायकल आडवी लावली आणि हात वर केला. रांग थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि बघता बघता रस्ता करून देत होते, जणू ती आता नेहमीसारखी मागे जाणार. अध्यक्षही आपल्या बसलेल्या चाकाशी उभा राहून तिची वाट बघत होता.

ती गेली नाही. कडेच्या कठड्यावर बसली. "जितके निघालो तितके पोहोचायचं ना? थांबा मग सगळे. कुणी पुढे जायचं नाही. दादा, काढा पंक्चर."

"अगं, ऊन चढलंय..."

"मलाही चढलं होतं."

तासभर तमाशा चालला. धुकं कधीच विरलं होतं आणि डांबर तापलं होतं. अध्यक्षाने चाक काढलं. बाहीला काळं लागलं तसा तो चरफडला. टायर बसवताना घाई केली आणि पट्टीने नवी ट्यूबच चिमटली. हवा भरायला जावं तर फुस्स. पाववाला उठला, "मी बघू का?" ती म्हणाली, "बस खाली." पाववाला बसला. औषधवाला सावली शोधत होता आणि सावली कुठेच नव्हती.

या सगळ्यात सगळ्यात कठीण तिलाच गेलं. तिचे हात शिवशिवत होते. जुन्या ट्यूबला ठिगळ लावताना अध्यक्ष चिकटी सुकू देत नव्हता. हे तिला लांबून दिसत होतं आणि शब्द जिभेवर येत होता. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसून राहिली. खालच्या दरीत कुणाच्या तरी शेतात पाण्याचा पंप धडधडत होता. ती तिकडेच बघत राहिली. ठिगळ निघालं. पुन्हा लावलं. या वेळी तो थांबला. चिकटी सुकेपर्यंत थांबला, पूर्वी तिला शिकवताना थांबला होता तसा, गुडघ्यावर कोपर टेकून, फुंकर न मारता.

टायर त्याने बोटांनी बसवला. मग मान वर करून, घामाने डोळे मिटत, विचारलं, "जरा बघतेस का गं, नीट बसलाय का?"

"हवा भरा. कळेल."

तो पंप मारू लागला. सगळे ऐकत होते. हवा राहिली.

"पहिला दिवस तुमचा," ती कठड्यावरूनच म्हणाली.

त्याने मारता मारता काहीतरी हुंकार दिला.

"ऐकू नाही आलं."

"हो म्हटलं!" अध्यक्ष ओरडला. पंप त्याच्या हातातून निसटून रस्त्यावर वाजला. "माझा! पहिला दिवस माझा!"

ती उठली. बसून बसून हातांना मुंग्या आल्या होत्या, ते झटकले. राग अजून उतरला नव्हता, आणि तो एवढ्यात उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. तिने सायकल सरळ केली आणि पुढची जागा घेतली.